विरघळलं म्हणजे गेलं?

मराठीतल्या एका शब्दप्रयोगावर माझा जुना राग आहे. "विरघळून गेलं." मीठ पाण्यात विरघळून गेलं, साखर चहात विरघळून गेली, साबण विरघळून गेला. यातलं 'विरघळलं' अगदी बरोबर. पण 'गेलं' ते कुठे? कुठेच नाही. जिथे होतं तिथेच आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. आणि आपल्याला दिसत नाही ते नाहीच, असं समजायची आपली सवय एवढी जुनी आहे की ती भाषेतच मुरली आहे.

तुम्ही म्हणाल, भाषेत असं चालतंच, सूर्य 'उगवतो' असंही आपण म्हणतो. मान्य. पण सूर्य उगवतो म्हटल्याने कोणाच्या पिण्याच्या पाण्यात काही पडत नाही. 'विरघळून गेलं' म्हटल्याने पडतं, आणि आमच्या नाशकात रोज पडतं. आज त्यावरच लिहायचं आहे. नातेवाईक मंडळींनी (जी ब्लॉग नेमाने वाचतात पण प्रतिक्रिया फोनवर देतात) जरा सांभाळून घ्यावं, कारण यातले निम्मे वाद आपल्या घरातल्याच जेवणांच्या पंगतीतले आहेत.

तर सुरुवात शाळेपासून. 'फरक स्पष्ट करा : मिश्रण आणि संयुग.' हा प्रश्न ज्याने लिहिला नाही असा माणूस सापडणं कठीण. मध्ये उभी रेघ, दोन रकाने. डावीकडे : घटक कोणत्याही प्रमाणात असतात, घटकांचे मूळ गुणधर्म कायम राहतात, घटक साध्या पद्धतींनी वेगळे करता येतात. उजवीकडे याच्या बरोबर उलट. उदाहरण डावीकडे हवा, उजवीकडे पाणी. दोन किंवा तीन गुण, पट्टीने रेघ मारली असेल तर बाई खूश. पुढच्या वर्षी सगळं विसरायला मोकळे.

गंमत म्हणजे हा फरक काही आकाशातून पडलेला नाही. साधारण १८०० सालच्या आसपास प्रूस्त आणि बर्तोले हे दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ यावरून कितीतरी वर्षं वाद घालत होते. बर्तोलेचं म्हणणं, पदार्थ एकत्र येताना प्रमाण बदलू शकतं; त्याच्या उदाहरणांत द्रावणं आणि मिश्रधातूही होते. प्रूस्त म्हणे, छे, संयुगात प्रमाण ठरलेलंच असतं, आणि तुम्ही दाखवताय ती मिश्रणं आहेत. मोठमोठ्या डोक्यांना जो फरक कळायला वर्षं लागली, तो आपण नववीच्या आत दोन रकान्यांत घालून मोकळे होतो. पाठ होतो, कळत नाही.

माझा आक्षेप मात्र पाठांतरावर नाही. त्या तीन वाक्यांतल्या एका वाक्यावर आहे. "मिश्रणातले घटक साध्या पद्धतींनी वेगळे करता येतात." हे वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि या अर्धवटपणाने आपलं मोठं नुकसान केलंय असं माझं मत आहे. कारण ते वाचून मनात बसतं ते असं : मिसळलं तर मिसळलं, पुढे करू वेगळं. साधी पद्धत आहे की!

आता ही साधी पद्धत किती साधी ते बघू. पायरीपायरीने.

पहिली पायरी नाशिकचा चिवडा. पोहे, दाणे, खोबरं, तळलेला कांदा, लसूण. अस्सल विषमांगी मिश्रण. घरातलं प्रत्येक लहान मूल त्यातले दाणे वेचून खाऊ शकतं आणि खातंच. खर्च शून्य (आजीची बोलणी सोडून). दुसरी पायरी गढूळ पाणी. वाळू, माती तळाशी बसते, उरलेलं कापडातून गाळता येतं. याला पुस्तकात निलंबन म्हणतात. खर्च थोडा वेळ आणि एक फडकं. तिसरी पायरी म्हणजे कलिल. कण इतके बारीक की रात्रभर ठेवलं तरी बसत नाहीत आणि फडक्यातून सरळ निघून जातात. पावसाळ्यातलं चहाच्या रंगाचं पाणी घ्या. इथे तुरटी फिरवावी लागते, मग ते कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि बसतात. पाणीपुरवठ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात मुळात हेच चालतं, फक्त मोठ्या हौदात.

आणि चौथी पायरी द्रावण. इथे कण म्हणजे सुटे रेणू आणि आयन. गाळून निघत नाहीत, तुरटीला दाद देत नाहीत, बसत नाहीत, दिसत नाहीत. पाणी आरशासारखं स्वच्छ. चमचाभर मीठ ग्लासभर पाण्यात मिसळायला अर्धा मिनिट लागतो. ते परत काढायचं तर पाणी आटवायला लागतं. हिशोब सोपा आहे : एक लिटर पाणी तापवून पूर्ण आटवायला, उष्णता अजिबात वाया गेली नाही असं धरलं तरी, पाऊण युनिटच्या जवळपास वीज लागते. चार माणसांच्या घरातून दिवसाला ५०० लिटर सांडपाणी निघतं असं धरा. ते याच 'साध्या पद्धतीने' वेगळं करायचं म्हटलं तर साडेतीनशे युनिट. महिन्याला नव्हे हो, दिवसाला! अर्थात असं कोणी करत नाही. का करत नाही, तेच तर सांगतोय.

तर पुस्तकातलं वाक्य खरं म्हणजे असं हवं : मिसळणं फुकट असतं, वेगळं करणं विकत असतं, आणि कण जितके बारीक तितकी किंमत चढी. मिसळणं आपोआप होतं, त्याला कोणी लागत नाही. वेगळं करायला कोणीतरी घाम गाळावा लागतो किंवा वीज जाळावी लागते. हे वाक्य पाठ करून घेतलं असतं तर मी पुस्तक-मंडळाला साष्टांग नमस्कार घातला असता.

आता गंगेवर या. (बाहेरगावच्या ब्लॉगर मित्रांसाठी : नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे काशीला नाही, पंचवटीत.) रामकुंडात एक भाग अस्थिविलय तीर्थ म्हणून ओळखला जातो. तिथे सोडलेल्या अस्थी काही तासांत विरघळतात अशी श्रद्धा आहे. देशभरातून लोक येतात. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भागही रामकुंडातच विसर्जित झाला.

इथे काही विज्ञानवादी मित्र लगेच बाह्या सरसावतात. मला ते पटत नाही. रसायनशास्त्र काय म्हणतं ते आधी नीट ऐकू. चितेत हाडातलं जळण्यासारखं सगळं जळून जातं. तो खरा रासायनिक बदल, तिथून परत फिरणं नाही. उरतं ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पण जळून ठिसूळ झालेलं असल्याने त्याचा भुगा होतो, थोडा वाहून जातो, थोडा तळाशी बसतो. म्हणजे होतं ते निलंबन. द्रावण नाही. पण 'विलय' या शब्दाचा अर्थ नाश असा थोडाच आहे? मोठ्यात मिसळून जाणं, असा आहे. श्रद्धेने घेतलेला हा शब्द मला आपल्या 'विरघळून गेलं' पेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. आणि मूठभर कॅल्शियम फॉस्फेटने नदी मरत नाही. तेव्हा अस्थी सोडणाऱ्या दुःखी माणसाकडे बोट दाखवून आपण शहाणे ठरत नाही. नदीत रोज जे जातं त्याच्यापुढे त्या अस्थी काहीच नाहीत.

नदीला खरं काय मारतं ते कळायला पुन्हा त्या दोन रकान्यांकडेच जावं लागतं. पाणी हे संयुग. वजनाने बघितलं तर पाण्याचा ८९ टक्के भाग ऑक्सिजन आहे. एका लिटरमध्ये जवळजवळ ८९० ग्रॅम. पण माशाला त्यातला एक कणही श्वासाला उपयोगी नाही, कारण तो हायड्रोजनशी बांधलेला आहे. मासा जगतो तो पाण्यात मिसळलेल्या, म्हणजे मिश्रणातल्या, ऑक्सिजनवर. तो किती? २५ अंश तापमानाला, नदी अगदी निरोगी असली तरी, लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे संयुगातल्या ऑक्सिजनच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी. नदीचा सगळा संसार या एवढ्याशा मिश्रणावर चाललेला असतो. आता त्यात सांडपाणी सोडा. त्यातली घाण खायला जिवाणू येतात, खाताना हाच ऑक्सिजन वापरतात. आठाचे पाच, पाचाचे दोन. आंघोळीच्या नदीसाठी मानक आहे लिटरला किमान ५ मिलिग्रॅम. त्याच्या बरंच खाली गेलं की मासे तोंड वर काढतात, मग उलटे होऊन तरंगतात. पाण्यात ८९ टक्के ऑक्सिजन असताना गुदमरून! 'फरक स्पष्ट करा' याचं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. पण ते कोणी परीक्षेत लिहीत नाही.

"वाहत्या पाण्याला दोष नसतो," असं आमचे एक काका नेहमी म्हणतात. काका, तुम्ही वाचत असाल तर आदरपूर्वक सांगतो : दोष वाहत पुढे जातो, एवढंच. पातळ होणं म्हणजे कमी होणं नव्हे. बादलीत टाकलेलं चमचाभर मीठ हौदात ओतलं तर खारटपणा कमी होतो, मीठ तेवढंच राहतं. पर्वणीच्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडा अशी मागणी होते, पाणी आलं की रामकुंड चकचकीत दिसतं आणि आपण म्हणतो, नदी स्वच्छ झाली. नदी स्वच्छ झाली नाही. आपली घाण पुढच्या गावाला पोचती झाली. तेही पिण्याच्या पाण्याच्या खर्चात.

पुढचं गाव म्हणजे कोण? तपोवनाच्या पुढे नदी सायखेडा-चांदोरीवरून नांदूरमध्यमेश्वरला जाते. ही महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा, २०२० साली जाहीर झाली. आपण तिथे फ्लेमिंगो बघायला कॅमेरे घेऊन जातो. तिथून पुढे जायकवाडी. छत्रपती संभाजीनगरची आणि जालन्याची माणसं तिथलं पाणी पितात. दुष्काळाचं वर्ष आलं की नाशिक आणि मराठवाडा यांच्यात किती टीएमसी सोडायचं यावरून रणकंदन होतं, २००५ च्या कायद्यातलं समन्यायी वाटप निघतं, कोर्टकचेऱ्या होतात. त्या भांडणात किती पाणी द्यायचं याचा थेंबाथेंबाचा हिशोब असतो. त्या पाण्यात काय काय मिसळून द्यायचं, यावर मात्र दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना कधी घसा कोरडा करताना मी ऐकलेलं नाही.

आणि जे 'विरघळून गेलं' ते परत येतं बरं का. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी केंद्रं नाशकात आहेत, तपोवनात आहे, आगरटाकळीला आहे. ती हवीतच. पण नेहमीच्या पद्धतीचं केंद्र मुख्यतः गाळ आणि सडणारी घाण काढतं. विरघळलेलं नत्र आणि फॉस्फरस त्यातून बऱ्यापैकी तसेच पुढे जातात. पाणी दिसायला बरं, पण खत घातलेलं. मग काय होतं ते सायखेड्याच्या पुलावर उभं राहून बघा. काठापासून काठापर्यंत पाणवेली. हिरवागार गालिचा. ती पाणवेल म्हणजे दुसरं काही नाही, आपल्या न्हाणीघरातून आणि संडासातून विरघळून 'गेलेलं' सगळं, पानं लावून परत आलेलं आहे. पूर आला की तीच पुलाला अडकते आणि मग आपण यंत्रं लावून ती उपसतो. विकत.

सातपूर-अंबडच्या बाजूचा मुद्दाही हाच. धातूला मुलामा द्यायच्या कामात क्रोमियम, निकेल यांचे क्षार पाण्यात असतात. कारखान्याच्या टाकीत ते थोड्या पाण्यात, घट्ट असतात. तिथेच योग्य रसायन घालून, चुना टाकून त्यांचा साका खाली बसवता येतो. जुनं, माहितीतलं तंत्र आहे. पण तेच पाणी एकदा नाल्यात, नाल्यातून नासर्डीत आणि नासर्डीतून गोदावरीत गेलं की जगातला कोणताही इंजिनिअर ते परवडणाऱ्या पैशात वेगळं करून देणार नाही. धातू नासत नाही, कुजत नाही. मिश्रणात घटकांचे गुणधर्म कायम राहतात, हे आपणच पाठ केलंय ना? मग विषाचेही राहतात. हे त्या वाक्याचं दुसरं टोक, जे वर्गात कोणी सांगत नाही.

गणपतीचं बघा. शाडूची मूर्ती बादलीत 'विरघळली' असं आपण म्हणतो. ती विरघळत नाही, तिची माती सुटी होते आणि तळाशी बसते, म्हणूनच ती माती परत वापरता येते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात पडते तेव्हा ती जिप्समची असते, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणून ती आठवडे तशीच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला, पुण्यात आणि पुढे नाशकातही ती पावडर वाटली गेली. लोक म्हणाले, मूर्ती विरघळते. अहो, ती विरघळत नाही! तिथे रासायनिक क्रिया होते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, जे खत आहे. ते पातळ करून झाडांना घातलं तर उत्तम. पण 'विसर्जन झालं' म्हणून बादली मोरीत रिकामी केली तर तेच नत्र फिरून पाणवेलीच्या पोटात. चांगल्या उपायाचीही आपण कशी माती करतो बघा, केवळ मिसळणं आणि बदलणं यातला फरक कळत नाही म्हणून.

मावशी म्हणेल, "आम्ही उकळून पितो बाबा." मावशी, उकळून जंतू मरतात, त्यासाठी जरूर उकळ. पण विरघळलेले क्षार उकळून जात नाहीत. वाफ फक्त पाण्याची होते, त्यामुळे उरलेल्या पाण्यात ते उलट थोडे घट्टच होतात. आणि ज्यांनी घरोघरी आरओ लावलेत त्यांना एवढंच विचारतो : ते यंत्र दिवसभर काय करतं? सगळ्यांनी मिळून जे फुकट मिसळलं, ते तुम्ही एकट्याने वीज आणि पैसे मोजून वेगळं करताय, आणि त्या बदल्यात बादल्याच्या बादल्या पाणी मोरीत सोडताय. ज्याला परवडत नाही तो मिश्रण पितो. याला मी शुद्धीकरण म्हणणार नाही. ही श्रीमंतांनी काढलेली पळवाट आहे.

तर माझं म्हणणं एका ओळीत : वेगळं करायची खरी वेळ मिसळण्याच्या आधीची असते. घंटागाडीचंच घ्या. हा प्रयोग नाशकाने नव्वदच्या दशकातच सुरू केला, आपण त्याचा अभिमान सांगतो. पण ओल्या भाजीच्या देठांत फुटकी काच आणि बॅटरीचे सेल एकाच पिशवीत बांधून देतो. घरात ते वेगळं ठेवायला दोन डबे लागतात. पुढे खतप्रकल्पावर तेच वेगळं करायला कोणाच्या तरी उघड्या हातांना जखमा होतात, आणि शेवटी खतात काच उरतेच. निर्माल्य पुलावरून टाकू नये म्हणून जाळ्या लावाव्या लागतात, तर आपण जाळीच्या वरून भिरकावतो. प्लास्टिकच्या पिशवीसकट!

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीतल्या खर्चाकडेही मी याच नजरेने बघतो. घाट रुंद झाला, दिवे लागले, कारंजी उडाली, छान. माझा प्रश्न एकच : नदीत पडायच्या आधी किती घाण वेगळी काढली? नाला नदीला मिळण्याआधी किती अडवला? पर्वणीपुरतं सोडलेलं पाणी त्यात धरू नका. ते मिश्रण पातळ करणं आहे, आणि पातळ केलेल्याला स्वच्छ म्हणणं हे भेसळवाल्या गवळ्याचं रसायनशास्त्र आहे.

शिक्षक मित्रांना (तिघे-चौघे तरी इथे वाचतात) एक विनंती. ती दोन रकान्यांची रेघ राहू द्या. पण त्या दिवशी वर्गात एक पेला पाणी आणि चमचाभर मीठ आणा. मीठ मुलांना टाकू द्या, ढवळू द्या. मग म्हणा, आता हे मला परत काढून द्या. तास संपेपर्यंत त्यांना झगडू द्या. काहीही समजावू नका. गोदावरीचं जे काही व्हायचं ते पुढे त्याच पोरांच्या हातात आहे.

आणि बाकी सगळ्यांना : मोरीत काही ओतताना 'गेलं' म्हणू नका. 'पुढे पाठवलं' म्हणा. नुसतं म्हणून बघा, हात थोडा तरी थांबतो की नाही.